संदर्भ हवा

आमच्या समाजात गाऱ्हाणे मांडण्याची हौस मोठी आणि लेखणी उचलण्याचा कंटाळा त्याहून मोठा, असे आम्ही म्हटले तर काही वाचकांस राग येईल. येऊ द्यावा. गेली काही वर्षे मिस्सा आटोपल्यानंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात आणि समाजाच्या सभांत एकच तक्रार आमच्या कानी पडत आली आहे. “फादर, हल्ली सारे जग विकिपीडिया वाचते. त्यात आमचे काय आहे? गावठाणाविषयी दोन ओळी, आमच्या माणसांविषयी तेवढ्याही नाहीत, आणि जे आहे त्यात शंभर चुका!” बोलणाऱ्याच्या स्वरात अन्याय झाल्याची ठसठस असते. ‘मग आपण लिहिलेत काय?’ असे विचारले की ती ठसठस एकाएकी विनयाचे रूप घेते. “छे, छे, आम्हांला कुठे लिहिता येते! ते मोठ्या लोकांचे काम.”

हा विनय खोटा आहे आणि तो या समाजाला महाग पडणार आहे, असे आमचे मत आहे.

ज्यांना या ज्ञानकोशाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. ते लिहिणाऱ्यांना मानधन नाही, त्यांची नावे लेखाखाली छापली जात नाहीत, कोणी शाल-श्रीफळही देत नाही. ज्याला वाचता येते त्याला लिहिताही येते, हा त्या घरचा कायदा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, त्यानंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. दोन्ही कामे डोंगराएवढी. परंतु त्या घरात शिरण्यासाठी बोलावणे यावे लागे. म्हातारपाखाडीतील एखाद्या गिरणी कामगाराला किंवा गोदीतील फिटरला ते कसे यावे? आज बोलावण्याची गरज उरलेली नाही. दार उघडे आहे, आणि आम्ही मात्र ओसरीवर बसून आत कोण काय करतो याची चहाडी करीत आहोत.

आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांसह आम्ही हे संपादन शिकावयास घेतले, ते या चहाडीचा उबग आला म्हणून. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूने नव्याने विद्यार्थी व्हावे यात काही विशेष नाही. सेमिनरीत आमची निम्मी हयात परीक्षा देण्यातच गेली. विशेष वाटले ते त्या जगातील मराठीचे. तेथे सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. पाटी-पेन्सिल येण्यापूर्वी शाळेत पाटावर धूळ पसरून मुले अक्षर गिरवीत, चुकले की हाताने पुसून पुन्हा गिरवीत. तो विस्मृतीत गेलेला शब्द येथे कोणा मराठी माणसाने पुन्हा जिवंत केला आहे. सर्वांनी मिळून बोलावयाच्या जागेला ‘चावडी’ हे नाव आहे. प्रत्येक लेखामागे एक ‘चर्चा’ पान आणि एक ‘इतिहास’ पान असते. इतिहासाच्या पानावर कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला किंवा काढला याची मिनिटासह नोंद राहते. आपण म्हणाल, यात शिकण्यासारखे काय? हेच, की येथे केलेले काही लपत नाही. चर्चेत मत मांडले की शेवटी चार नागमोडी चिन्हे टाकावयाची. तेवढ्याने आपली सही आणि वेळ आपोआप उमटते. निनावी पत्रे पाठविण्यात तरबेज असलेल्या आमच्या काही मंडळींस ही चार चिन्हे फार जड जातील.

आता मूळ मुद्दा. आमच्यापैकी एका उत्साही तरुणाने आपल्या चर्चविषयी लेख लिहिला. मजकूर त्याने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून जसाच्या तसा उतरविला. ‘भव्य व दिव्य वास्तू’, ‘थोर पुण्यात्मे’, ‘भाविकांच्या हाकेला धावून येणारी माता’, ‘ज्यांच्या त्यागाला तोड नाही असे ट्रस्टी’, असा तो सारा थाट होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तो लेखातील तीन चतुर्थांश मजकूर वगळलेला, आणि उरलेल्या प्रत्येक वाक्यापुढे चौकटीत दोन शब्द: ‘संदर्भ हवा’. तरुण संतापला. तो आमच्याकडे आला नसता तर नवल. “फादर, हे आपल्या धर्मावरचे आक्रमण आहे. आपण मोर्चा काढू या.”

मोर्चा! आम्ही त्या वगळलेल्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि ज्याने त्या वगळल्या त्या अनोळखी संपादकाने चोख काम केले असे आमचे ठाम मत झाले. एक तर दुसऱ्याने लिहिलेला मजकूर त्याच्या परवानगीवाचून उचलणे ही सरळ चोरी आहे. ती चर्चच्या स्मरणिकेतून केली म्हणून पवित्र होत नाही. दुसरे असे, की ‘भव्य व दिव्य’ ही माहिती नव्हे. चर्च कोणत्या साली बांधले, कोणाच्या जमिनीवर, कोणत्या दगडाचे, पूर्वीची वास्तू कोठे होती, ती का पाडली, ही माहिती. स्मरणिकेच्या साठ पानांत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. ट्रस्टींची मात्र एकोणीस छायाचित्रे होती. आणि हा नियम काही आम्हां ख्रिस्ती लोकांसाठी वेगळा केलेला नाही. ‘जागृत देवस्थान’, ‘नवसाला पावणारा’, ‘लोकनेते’, ‘कार्यसम्राट’, या साऱ्या विशेषणांना तेथे हाच न्याय आहे. नियम सर्वांना सारखा लागू होतो तेव्हा त्याला छळ म्हणू नये. छळ म्हणजे काय ते ज्यांनी सोसले आहे त्यांचा त्यात अपमान होतो.

येथे काही भाविक म्हणतात, “श्रद्धेच्या गोष्टींना पुरावा कसला मागता?” हा प्रश्न कॅथलिक माणसाने विचारावा याचे आम्हांस मोठे आश्चर्य वाटते. संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की, ज्यांनी घटना डोळ्यांनी पाहिल्या त्यांच्याकडून आलेली माहिती नीट तपासून आपण ती क्रमाने लिहीत आहोत. संत थॉमस अक्विनासच्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाच्या प्रारंभी विरोधकांचे आक्षेप येतात, तेही त्यांच्या सर्वांत बळकट रूपात. स्वतःचे उत्तर त्यानंतर. विकिपीडियावाले ज्याला ‘तटस्थ दृष्टिकोन’ म्हणतात त्याची याहून जुनी शाळा कोणती? एखाद्याला संतपद देण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध बाजूने प्रश्न विचारावयास ख्रिस्तसभेने शतकानुशतके एक अधिकारी नेमला होता. लोक त्याला गमतीने ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती पद्धत बदलली, परंतु चौकशी संपविली नाही. संतांच्या बाबतीत जी कसोटी लावली जाते ती ट्रस्टींच्या बाबतीत लावू नये काय?

आणि बोलांदिस्तांची कथा तर प्रत्येक धर्मग्रामात सांगितली गेली पाहिजे. सतराव्या शतकात बेल्जियममधील काही येशूसंघीय धर्मगुरूंनी संतांच्या चरित्रांची छाननी आरंभिली. जाँ बोलाँ यांच्या नावावरून त्यांना बोलांदिस्त म्हणतात. त्यांचा पहिला खंड १६४३ साली निघाला. जुनी हस्तलिखिते शोधावयाची, ती एकमेकांशी ताडून पाहावयाची, कोणती हकीगत कोणत्या शतकात प्रथम दिसते हे ठरवावयाचे, आणि जिला आधार नाही तिच्याविषयी तसे स्पष्ट लिहावयाचे, अशी त्यांची रीत. त्यांच्यापैकी डॅनियल पापेब्रोख यांनी लिहिले की कार्मेल संघाची स्थापना एलिया संदेष्ट्याने केली या समजुतीला ऐतिहासिक आधार नाही. झाले! कार्मेलाइट मंडळी खवळली, प्रकरण वर्षानुवर्षे गाजले, आणि १६९५ साली स्पेनच्या धर्मन्यायासनाने ते खंडच निषिद्ध ठरविले. ती बंदी उठावयास १७१५ साल उजाडले. पापेब्रोख त्याआधीच निवर्तले होते. आज त्या वादाकडे पाहता कोणाची बाजू ख्रिस्तसभेने आपली मानली? ज्यांनी ‘संदर्भ हवा’ म्हटले त्यांची. कार्मेल संघाचे त्यावाचून काहीही बिघडले नाही. अविलाची संत तेरेजा आणि क्रूसाचे संत योहान ज्या संघात होऊन गेले त्याला उसन्या प्राचीनतेची गरज काय?

पुरावा मागणे हे अश्रद्धेचे लक्षण नसून आठव्या आज्ञेचे पालन आहे, असे आम्ही म्हणतो. खोटी साक्ष केवळ शेजाऱ्याविरुद्धच देता येते असे नाही. ती आपल्या गावाच्या, आपल्या चर्चच्या बाजूनेही देता येते, आणि तशी देताना मनुष्याला पाप केल्यासारखे वाटत नाही, हा तिचा अधिक मोठा धोका.

माझगावचेच उदाहरण घेऊ. काका बाप्टिस्टा म्हणजे जोसेफ बाप्टिस्टा आमच्या म्हातारपाखाडीतले. जन्म १८६४ सालचा. लोकमान्य टिळकांचे स्नेही, बॅरिस्टर. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तिचे पहिले अध्यक्ष. १९२० साली निघालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. १९२५ साली मुंबईचे महापौर. १९३० साली निधन, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावा. भंडारवाड्याच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. तेथे फिरावयास येणाऱ्यांपैकी किती जणांना हे काका कोण ते ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही, कारण उत्तर माहीत आहे.

आता आमच्या लोकांस काकांविषयी लिही म्हटले की पहिले वाक्य काय येते? ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे, ही घोषणा टिळकांची नव्हे, ती काकांनी त्यांना दिली.’ हे वाक्य आमच्या घराघरांत आहे. ते काही लेखकांनी छापूनही ठेवले आहे. परंतु काकांचे नाव पुढे करणारे आणि टिळकांचे नाव मागे घेण्यास तयार नसणारे असे दोन्ही पक्ष असताना ज्ञानकोशात ते वाक्य निर्विवाद सत्य म्हणून घालता येत नाही. घालावयाचे तर असे: ‘अमुक लेखकाने अमुक ग्रंथात अमुक पानावर हे श्रेय बाप्टिस्टांना दिले आहे.’ एवढे लिहिले तर ते वाक्य कोणी हलवू शकत नाही. हे लिहिण्यासाठी काय करावे लागते? ग्रंथालयात जावे लागते. के. आर. शिरसाट यांनी लिहिलेले काकांचे इंग्रजी चरित्र १९७४ साली प्रसिद्ध झाले आहे. ते शोधावे लागते, वाचावे लागते, पान क्रमांक टिपावा लागतो. ‘टिळकांनी आमच्या काकांची घोषणा घेतली’ असे पारावर बसून म्हणावयास अर्धे मिनिट पुरते, ग्रंथालयात एक रविवार जातो. आमच्या तक्रारीचे सारे गूढ या अर्ध्या मिनिटात आणि त्या रविवारात आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. घोषणेच्या श्रेयासाठी भांडणाऱ्यांपैकी एकालाही काकांचे कामगार चळवळीतील काम सांगता आले नाही. लालबाग-परळच्या कामगारांच्या या शहरात एका ख्रिस्ती बॅरिस्टराने मजुरांची बाजू घेतली, हे घोषणेच्या श्रेयापेक्षा लहान आहे काय? संदर्भ शोधू लागलेला मनुष्य आपोआप अशा गोष्टींपाशी पोहोचतो. श्रेय शोधणारा तेथवर कधी जात नाही.

गावाच्या नावाचेही तसेच. ‘माझा गाव’ म्हणून माझगाव, असे एक जण सांगतो; ‘मत्स्यग्राम’ हे मूळ रूप, असे दुसरा. आम्ही दोन्ही ऐकली आहेत, आणि कोणाच्याही बाजूने हात वर करावयाचे आम्हांस कारण दिसत नाही. दोन्ही व्युत्पत्ती ज्याच्या त्याच्या नावावर नोंदवाव्या आणि पुढे जावे.

येथवर आम्ही आपल्याच लोकांचे कान धरले. आता त्यांच्या बाजूने जे खरोखर बोलावयास हवे ते बोलतो. कारण या नियमात एक खोट आहे आणि ती लहान नाही. ज्ञानकोश म्हणतो, छापील, विश्वसनीय, त्रयस्थ साधन दाखवा. छापील साधने कोणाची असतात? ज्यांच्याकडे छापखाने, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे होती त्यांची. प्लेगच्या साथीत मुंबईच्या गावठाणांत लोकांनी क्रूस उभारले. काही आजही रस्त्याच्या कडेला, इमारतींच्या कोपऱ्यात उभे आहेत. त्यांच्यापुढे दर वर्षी माळेची प्रार्थना होते, चणे वाटतात, जुनी पदे म्हटली जातात. हा क्रूस कोणत्या घराने उभारला, त्या घरातील किती माणसे साथीत गेली, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते ऐंशी-नव्वदीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. अशा ज्ञानाला ‘संदर्भ नाही’ म्हणून बाहेर ठेवणे म्हणजे गरिबाला तू गरीब आहेस म्हणून कर्ज नाकारण्यासारखे आहे. ही अडचण केवळ आम्हांलाच दिसली असेही नाही. २०११ साली अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मल्याळम्, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत मौखिक साक्षींचे ध्वनिमुद्रण करून त्यांचा संदर्भ म्हणून उपयोग करून पाहिला. त्यावर विकिपीडियाच्या मंडळींत पुष्कळ वाद झाला. नियम मात्र ढिला झाला नाही.

मग आम्ही काय करावे? नियमावर रुसून बसावे? आमचे म्हणणे असे, की जे छापलेले नाही ते छापावे. हे त्रैमासिक कशासाठी आहे? दर अंकात वात्सल्यमूर्ती आईवरच्या सहा कविता येतात. त्यांतील चार बाजूला ठेवून एका वृद्धेची मुलाखत छापावी. तीत तिचे नाव, तिचे वय, ठिकाण, मुलाखतीचा दिनांक आणि घेणाऱ्याचे नाव असावे, तिने स्वतः पाहिलेले कोणते आणि आजीकडून ऐकलेले कोणते याचा भेद केलेला असावा. असा मजकूर संपादकांनी तपासून छापला की तो संदर्भ म्हणून पुढे ठेवता येतो. तो पुरेसा आहे की नाही यावर चावडीवर चर्चा होईल, होऊ द्यावी. कवींनी रागावू नये. आयांनाही आपल्यावरच्या कवितांपेक्षा आपले बोलणे कोणी ऐकून घेतलेले अधिक आवडेल.

आणि छापलेले तरी सारे उरते असे कोठे आहे? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाले. मराठी भाषेच्या गोडव्याची ज्या ग्रंथाने साक्ष दिली त्याच्या या तिन्ही आवृत्त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरवून घेणाऱ्या श्रद्धाळू घराण्यांमुळे. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला, आणि पुढे तो देवनागरीत आला. ज्यांनी दिव्याच्या उजेडात अकरा हजारांच्या आसपास ओव्या उतरविल्या ते कोणी पंडित नव्हते. त्यांनी ‘ते मोठ्या लोकांचे काम’ असे म्हटले असते तर आज स्टीफन्स यांचे केवळ नाव उरले असते.

‘कोणीही लिहितो तो कसला ज्ञानकोश’, हा सुशिक्षितांचा आवडता आक्षेप. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. २००५ साली जॉन सीगेनथालर या अमेरिकन पत्रकारावर केनेडी बंधूंच्या हत्येशी संबंध असल्याचा खोटा आरोप त्यात सुमारे चार महिने तसाच राहिला होता. परंतु त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने बेचाळीस विषयांवरील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले तेव्हा विकिपीडियात दर लेखामागे सुमारे चार आणि ब्रिटानिकात सुमारे तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ती तपासणी मान्य केली नाही, हेही सांगितले पाहिजे. आम्ही यातून इतकेच घेतो: खोटे तेथे टिकते ते वाचणारे डोळे कमी पडतात म्हणून. इंग्रजीला डोळ्यांची वाण नाही. मराठीला आहे.

ही वाण किती घातक ठरते ते पाहावयाचे असल्यास स्कॉट्स भाषेकडे पाहावे. २०२० साली उघडकीस आले की त्या भाषेच्या विकिपीडियातील लेखांचा फार मोठा भाग, ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षे लिहिला होता. हेतू वाईट नव्हता. परंतु स्कॉट्स बोलणाऱ्यांनी घर रिकामे ठेवले, आणि परक्याने त्यात आपल्या समजुतीची भाषा मांडली. क्रोएशियन विकिपीडियाचे याहून वाईट झाले. तेथे काही मोजक्या प्रचालकांनी सुमारे दशकभर सारा ज्ञानकोश आपल्या राष्ट्रवादी मताच्या दावणीला बांधला. संस्थेच्या वतीने झालेल्या चौकशीचा अहवाल २०२१ साली आला. रिकाम्या घरात एक तर अडाणी शिरतो, नाहीतर लबाड.

आज तर तिसराही पाहुणा आला आहे. यंत्र भाषांतर करते, यंत्र लेख लिहिते, आणि ही यंत्रे जे शिकतात त्यात विकिपीडियाचा वाटा मोठा आहे. मराठीत स्नानसंस्कार म्हणावे की बाप्तिस्मा, संत मरिया की सेंट मेरी, धर्मग्राम की पॅरिश, हे ठरविण्यासाठी आमच्या धर्मगुरूंनी आणि लेखकांनी पिढ्यानपिढ्या झीज सोसली. ‘निरोप्या’ १९०३ साली निघाला, ‘सुवार्ता’ १९५५ पासून निघत आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने मान्य केले की ख्रिस्ती मराठी ही परकी बोली नाही. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांनी घासून पुसून लखलखीत केलेले शब्द जर आम्ही कोठे नोंदविलेच नाहीत तर उद्या आमचा नातू यंत्राला विचारील आणि यंत्र त्याला आमच्या धर्माची माहिती इंग्रजीच्या उष्ट्या मराठीत देईल.

“इंग्रजीत आहे ना सारे? आमची मुले इंग्रजीच वाचतात,” असे सांगणाऱ्या पालकांना काय म्हणावे? ज्यांच्या घरी मयताच्या वेळी रडणे मराठीत होते आणि लग्नाच्या हळदीची गाणी मराठीत होतात, त्यांनी आपल्या ज्ञानाचा संसार तेवढा इंग्रजीत थाटावा, हे आम्हांस समजत नाही. इंग्रजी वाचावे, जरूर वाचावे. किंबहुना इंग्रजीतील कॅथलिकांकडून एक गोष्ट घ्यावी. १९०७ ते १९१२ या काळात न्यूयॉर्कला निघालेला पंधरा खंडांचा कॅथलिक ज्ञानकोश १९९० च्या दशकात केव्हिन नाइट या गृहस्थाच्या पुढाकाराने शेकडो स्वयंसेवकांनी वाटून घेऊन टंकलिखित केला आणि जगाला फुकट वाचावयास दिला. आणि शेजारच्या गोव्याकडे पाहावे. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, २०१५ साली कोंकणी विकिपीडिया सुरू झाला, आणि त्यात देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा तीन लिप्या नांदतात. लिपीवरून ज्या भाषेत डोकी फुटली ती भाषा एका घरात तीन चुली मांडू शकते. आम्हांला एकच चूल आहे आणि तीही पेटविण्यास माणूस मिळत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल, आणि ते आमच्या लोकांस कडू लागेल. स्वतःविषयी, स्वतःच्या संस्थेविषयी, ज्या चर्चच्या समितीवर आपण आहोत त्या चर्चविषयी आपण लिहू नये. आम्ही स्वतः आमच्या धर्मग्रामाच्या लेखाला हात लावणार नाही. चूक दिसली तर चर्चापानावर आपण कोण ते सांगून संदर्भासह निदर्शनास आणावी. दुरुस्ती दुसरा करील. वसईच्या लेखकाने माझगावविषयी लिहावे, माझगावच्याने उत्तनविषयी, आणि अहमदनगरकडच्याने गिरगावच्या खोताच्या वाडीविषयी. त्यासाठी एकमेकांच्या गावी जावे लागेल. जावे. एरवी सणाच्या जेवणाला जातोच.

काम मोठे नाही. पावसाळा संपल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर दोन तास, आमच्या सभागृहात चार-पाच संगणक मांडलेले असतील. फोनवर देवनागरीत निरोप लिहिता येतो त्याला याहून अधिक काही यावयास नको. घरातील जुनी पुस्तके, समाजाच्या जुन्या नियतकालिकांचे अंक, वर्तमानपत्रांची कात्रणे, लग्नपत्रिकासुद्धा आणाव्या. स्नानसंस्काराच्या नोंदवह्या मागू नयेत. त्या खाजगी आहेत आणि अप्रकाशित असल्याने त्यांचा येथे उपयोगही नाही. ज्यांच्या घरी गावठाणातील क्रूसाची जुनी छायाचित्रे आहेत त्यांनी ती अवश्य आणावी, काढणारा ठाऊक असल्यास त्याची किंवा त्याच्या वारसांची संमती विचारून ठेवावी, आणि मागच्या बाजूस साल व ठिकाण पेन्सिलीने हलकेच लिहावे. शाईने लिहू नये. ती काही वर्षांनी पुढच्या बाजूस उमटते.